ग्रिझेलमावशीचा निळा स्नूड

मी या गावच्या चर्चचा घंटावाला. रविवारी घंटा वाजवायची, पाळकसाहेबांच्या आधी त्यांचं पवित्र शास्त्र व्यासपीठावर नेऊन ठेवायचं, स्तोत्र चालू असताना आत घुसलेली कुत्री बाहेर काढायची आणि कोणी गेलं की खड्डा खणायचा. उभा जन्म यातच गेला. बाप्तिस्म्याच्या पाण्यापासून मातीपर्यंत सगळं गाव माझ्या डोळ्यांखालून जातं, त्यामुळे मला सहसा कशाचं नवल वाटत नाही. माझी बायको मार्जरी म्हणते, "गिब, उद्या स्वर्गातून देवदूत उतरला तरी तू त्याला आधी पाय पूस म्हणशील." म्हणेनही. पण ग्रिझेल स्पिंक या बाईपुढे मी तोंडात बोट घालून उभा राहिलो आहे, आणि आता माझे गुडघे कुरकुरायला लागलेत, तेव्हा ते सांगून टाकलेलं बरं.

कोळ्यांच्या आळीत अगदी शेवटचं, समुद्राकडे तोंड केलेलं घर तिचं. एकच खोली. आमच्या सगळ्यांच्या आढ्याला धुरावलेले मासे टांगलेले असायचे, तिच्या आढ्याला फिती. लाल, पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या, बोटाएवढ्या रुंद आणि करंगळीपेक्षा अरुंद. दार उघडलं की वाऱ्याने सगळ्या एकदम हलायच्या. मी बायकी सामानातलं काही न कळणारा माणूस, पण त्या दारात मी नेहमी जरा थबकायचो. खिडकीशी ती मांडीवर छोटा माग घेऊन बसलेली असायची आणि तिच्या हातातून फीत अशी बाहेर पडायची की जणू ती आतच कुठेतरी तयार होती आणि ही नुसती ओढून काढते आहे.

नुसतं "फीत दे" म्हटलं की ती हात हलवायची नाही. मार्जरी एकदा माझ्यादेखत गेली होती.

"मावशी, हातभर फीत दे गं."

"कसली?"

"अगं, बांधायची."

"बांधायला तर दोरखंडही असतो. कशाला बांधायचीय?"

"परकराला."

"मग ट्रॅपिन म्हण. देवाने जीभ दिलीय ती काय फक्त नवऱ्याला बोलायला?"

परकराला, एप्रनला लागते ती जाड, राकट ट्रॅपिन. अळशीच्या सुताची मऊ पांढरी नाडी ती निटिन. बाळाच्या टोपड्याला निटिन आणि मेलेल्या माणसाची हनुवटी बांधायलाही निटिनच, दुसरं काही तिला चालायचं नाही. पर्लिन म्हणजे झालर, भोकाभोकांची, बर्फासारखी. तसली एकच होती तिच्याकडे, तिने स्वतःच्या लग्नासाठी केलेली. गावातली प्रत्येक नवरी ती एक दिवस गळ्याशी लावायची आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत आणून द्यायची. आणि स्नूड. स्नूड म्हणजे लग्न न झालेल्या पोरीने केसांभोवती बांधायची फीत. ही सगळ्यांत मोठी.

पोर वयात यायला लागली की आई तिला मावशीकडे घेऊन जायची. मावशी तिला समोर बुटक्या स्टुलावर बसवायची, गार पाण्याने केस विंचरायची, आढ्याकडे बघून एक फीत निवडायची आणि बांधायची. पोरीला रंग विचारायची पद्धत नव्हती. पण कधी चुकली नाही. बांधून झालं की दर वेळी तेच वाक्य: "डोकं ताठ ठेव. फीत हलकी असते, पण वाकलेल्या मानेवर राहत नाही." माझ्या दोन्ही पोरी आत जाताना शेंबड्या होत्या आणि बाहेर येताना मलाच त्यांच्याशी बोलायला संकोच वाटला. मग लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी स्नूड उतरायचा आणि डोक्यावर पांढरी टोपी चढायची. आमच्याकडे बाईच्या डोक्याकडे बघितलं की तिचं काय झालंय ते कळतं, विचारावं लागत नाही.

मावशीच्या स्वतःच्या डोक्याला निळा स्नूड होता. सत्तरीला टेकली तरी. लग्न झालेलं नाही, म्हणजे टोपी नाही, म्हणजे स्नूड. वॉट कारगिलशी तिचं ठरलं होतं. लग्न आठ दिवसांवर असताना त्याची नाव खडकाबाहेर उलटली आणि पाचही जण गेले, एकही हाती लागला नाही. हे माझ्या जन्माआधीचं. त्यानंतर तिने कोणाला होकार दिला नाही. एकदा एक फेरीवाला तिच्याकडून माल घ्यायला आला होता, तो तिचं डोकं बघून फिदीफिदी हसला. "आज्जी, नवरदेव वाटेत अडकला वाटतं?"

"हो रे बाबा, समुद्र अडवून बसलाय," ती म्हणाली. "तू जातोस का आणायला?"

कारगिलांच्या घरात तिला सुनेचा मान होता. हंगामातला पहिला मासा तिच्या दारी जायचा. आणि आमचे पाळकसाहेब, हे, यांच्या आधीचे, त्यांच्याही आधीचे, तिघेही दाखला द्यायचा झाला की तिचाच द्यायचे. निष्ठा म्हणजे ग्रिझेल, संयम म्हणजे ग्रिझेल. ती खाली बघून ऐकायची. आम्ही म्हणायचो, केवढी विनम्र.

आता वाईट भाग. एखाद्या पोरीचं लग्नाआधी पाऊल घसरलं की तिला तीन रविवार चर्चमध्ये सगळ्यांसमोर उंच स्टुलावर बसावं लागायचं, अंगावर गोणपाटाचा झगा घालून. आणि स्टुलावर बसायच्या आधी, चर्चच्या दारात, तिचा स्नूड उतरवला जायचा. तो कोणी उतरवायचा? ज्या हाताने बांधला त्याच हाताने. मावशी यायची, एक शब्द न बोलता गाठ सोडायची, फीत गुंडाळून खिशात टाकायची आणि आत जाऊन आपल्या जागी बसायची. मी तिथेच घंटेचा दोर धरून असायचो. अशा सहा-सात तरी पोरी मी पाहिल्या. त्या फितींचं ती काय करते ते कोणाला माहीत नव्हतं. बायका म्हणायच्या, जाळत असेल.

अमेरिकेतली लढाई चालू होती त्या सुमाराची गोष्ट. इझोबेल कारगिल, म्हणजे वॉटच्या पुतण्याची बायको, तिच्याकडे बीथिया नावाची एक पोरकी मुलगी कामाला होती. पहाटेपासून गळांना शिंपल्यांचं आमिष लावायची, हात कायम कापलेले. इझोबेलचा धाकटा आर्ची तिच्या मागेपुढे करायचा. दोघांचं ठरलं होतं असं ती पुढे सांगायची, पण चर्चमध्ये लग्नासाठी नावं पुकारली गेली नव्हती. हिवाळ्याच्या तोंडाशी आर्ची नावेवरून गेला, लाटेने उचलला. त्यानंतर बीथियाचं पोट दिसायला लागलं.

इझोबेलने तिला गाठोड्यासकट बाहेर काढलं. "माझ्या लेकाच्या तोंडात पाणी भरलंय म्हणून ही काहीही बोलते," ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली. मुलाचं दुःख होतं तिला, ते मला दिसत होतं. पण दुःखी माणूस किती कठोर होऊ शकतं ते खड्डे खणणाऱ्याला विचारा. मार्जरीने बीथियाला आमच्या घरी आणलं. मी म्हटलं, "अगं, मी चर्चचा नोकर, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "लोक म्हणतील गिबची बायको त्याच्यापेक्षा शहाणी आहे. ते तसंही म्हणतात." विषय संपला.

आमच्याच चुलीशेजारी मुलगी जन्मली. बारीक, खोकणारी. बाप्तिस्मा तातडीने व्हायला हवा होता, कारण असं पोर पाणी न घेता गेलं तर ते कुठे जातं या विचाराने आमच्याकडच्या आया रात्र रात्र जागतात. पण वडीलमंडळींनी अडवलं. चर्चची ही पंचमंडळी, त्यांत मुख्य लिंडसे, मासे खारवायचा धंदा होता त्याचा. तो वाईट माणूस नव्हता, नियमाला धरून चालणारा होता, आणि ते कधीकधी जास्त वाईट. तो म्हणाला, "बापाचं नाव सांग."

"आर्ची कारगिल."

"मेलेला माणूस हो म्हणायला येत नाही. ते नाव धरता येणार नाही. खरं नाव सांग, स्टुलावर बस, मग पोरीला पाणी."

"खरं तेच आहे."

यापुढे ती हलेना. त्यांनी ठरवलं की स्टुलावर तर बसवायचंच, आणि नाव बदलेपर्यंत बाप्तिस्मा नाही.

शनिवारी दुपारी मी मावशीकडे निरोप घेऊन गेलो. ती काळ्या फितीवर होती.

"उद्या दारात ये, मावशी."

"कोण?"

"बीथिया."

"नाव सांगितलं का तिने?"

मी सगळं सांगितलं. बोलता बोलता बघतो तर तिच्या हातातला धोटा थांबलेला.

"मेलेला माणूस हो म्हणायला येत नाही," ती म्हणाली. "असं म्हणाला लिंडसे?"

"त्याचेच शब्द."

"आणि इझोबेल?"

"ती तर बघतही नाही पोरीकडे. मार्जरी म्हणते हनुवटी अगदी आर्चीची आहे. पण हनुवटी धरून बाप्तिस्मा होत नाही ना."

तिने मान वळवून बाहेर बघितलं. खिडकीतून खडक दिसत होता, भरतीचं पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं होतं. मग तिने भलतंच विचारलं. "गिब, तुमचं ते स्टूल केवढं उंच आहे रे?"

"का गं?"

"म्हटलं, बसणाऱ्याला त्रास होतो का."

"त्रास व्हावा म्हणूनच केलंय ते."

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली. मी घरी येऊन मार्जरीला म्हटलं, म्हातारी भ्रमिष्ट व्हायला लागलीय.

रविवारी वारा असा होता की घंटेचा आवाज समुद्रावर जाण्याऐवजी माझ्याच कानात परत येत होता. बीथिया दारात उभी, अनवाणी, अंगावर गोणपाट. बाळ मार्जरीजवळ आत. मावशी आली, एका काखेत नेहमीसारखं आपलं बुटकं स्टूल घेऊन. आमच्याकडे बायका बसायची स्टुलं घरूनच आणतात. तिने ते खाली ठेवलं आणि बीथियाच्या केसांची लाल फीत सोडली.

"मावशी, मी खोटं नाही बोलत," बीथिया पुटपुटली.

पण त्या दिवशी फीत खिशात गेली नाही. मावशीने ती स्वतःच्या मनगटाला गुंडाळली, पोरीच्या कपाळावरची बट बाजूला केली, स्टूल उचललं आणि आत गेली. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. मी दोर ओढत राहिलो.

स्तोत्र झालं. बीथियाला मी उंच स्टुलावर बसवलं. तिची मान इतकी खाली गेली होती की केसांतून तोंड दिसत नव्हतं. पाळकसाहेब बोलायला लागले. तरुण होते ते, आवाज चांगला होता, आणि आवाज चांगला असलेल्या माणसाला लवकर थांबता येत नाही. बोलता बोलता त्यांनी हात लांब केला.

"बीथिया, मान वर कर. तिकडे बघ. त्या बाईकडे बघ. तिचाही माणूस लग्नाच्या तोंडावर समुद्राने नेला. त्याच कारगिलांच्या घरातला. तिने काय केलं? पन्नास वर्षं तो निळा स्नूड तिच्या डोक्यावर आहे. ग्रिझेल स्पिंककडे बघ आणि मग सांग, तुला लाज वाटते की नाही?"

सगळ्या माना वळल्या. मावशी बायकांच्या मध्ये, आपल्या स्टुलावर, सरळ बसली होती. ती उठली. वाकून तिने स्टूल काखेत घेतलं आणि चालायला लागली. मला वाटलं तिला बरं वाटत नाहीये, बाहेर जायचंय, म्हणून मी वाट करून द्यायला पुढे झालो.

"बाजूला हो, गिब," ती म्हणाली. "तिकडे नाही जायचं मला."

ती पुढे गेली. बीथियाच्या स्टुलाशेजारी तिने आपलं बुटकं स्टूल ठेवलं आणि आमच्याकडे तोंड करून बसली. मग दोन्ही हात मागे नेऊन तिने गाठ सोडली.

तिचे केस आमच्यापैकी कोणीही कधी सुटलेले पाहिले नव्हते. ते खाली आले, पांढरेशुभ्र, दाट, थेट कमरेपर्यंत, आणि सुटताना ते एकाच बाजूला, डाव्या खांद्यावरून पुढे पडले. मी खूप गोष्टी पाहिल्यात. वीज पडून मनोरा चिरलेला पाहिलाय, एकाच दिवशी चार भावांना माती दिलीय. पण माझ्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता. सत्तर वर्षांची बाई आमच्यासमोर बसली होती आणि सगळ्या चर्चमध्ये एवढी तरुण कोणी दिसत नव्हती.

"ग्रिझेल," पाळकसाहेबांच्या तोंडून कसंबसं निघालं, "हे काय?"

"पाळकसाहेब, चुकीची बाई दाखवलीत तुम्ही."

"तुला बरं वाटत नाहीये. गिब, तिला..."

"मला चांगलं बरं आहे. लग्न आठ दिवसांवर होतं. वॉट आणि मी थांबलो नाही. या पोरीत आणि माझ्यात एवढाच फरक आहे की तिला मूल झालं आणि मला झालं नाही. मी पुढे तीन महिने वाट बघितली. व्हावं म्हणून बघितली. झालं असतं तर याच स्टुलावर बसले असते मी. नाही झालं, तर तुम्ही लोकांनी मला दाखल्याला घेतलं. आणि मी गप्प बसले, कारण गप्प बसणं सोपं होतं, आणि नंतर तर मान मिळायला लागला. या हातांनी मी तुमच्या लेकींचे स्नूड सोडलेत."

लिंडसे पहिल्या रांगेतून उठला. त्याला तिला वाचवायचं होतं, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. "मावशी, पन्नास वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय? आणि वॉट तर आता..."

"वॉट मेलाय. तो हो म्हणायला येणार नाही." तिचा आवाज चढला नाही. "मग मीही खोटी, असं का लिंडसे? सांग ना सगळ्यांना. ग्रिझेल स्पिंकने मेलेल्या माणसावर आळ घेतला, असं म्हण. कारगिलांनी पन्नास वर्षं एका खोटारडीच्या दारात मासे टाकले, असं म्हण. तिला म्हणालास तेच मला म्हण, मी ऐकायलाच बसलेय."

लिंडसे उभा राहिला, मग बसला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली त्याची. पाळकसाहेबांनी शास्त्राचं पान उलटलं आणि परत उलटलं.

"गिब," मावशी म्हणाली, "मलाही गोणपाट दे."

"एकच आहे, मावशी," मी म्हटलं.

बीथियाने तेव्हा मान वर केली. स्टुलावरून ती घसरून खाली आली, मावशीच्या शेजारी जमिनीवरच बसली आणि झग्याचा घोळ ओढून तिने मावशीच्या गुडघ्यांवर घातला. दोघी तशा बसल्या. मावशीने तिच्या हनुवटीखाली बोट घातलं.

"डोकं ताठ ठेव," ती म्हणाली. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. तिथे बसलेल्या प्रत्येक बाईने ते वाक्य एकदा ऐकलेलं होतं, आणि मी पाहिलं, टोप्या घातलेल्या आज्या, आया, पोरी, सगळ्यांच्या माना नकळत सरळ झाल्या.

बाळ रडायला लागलं. मार्जरी त्याला थोपटत होती, पण मला ठाऊक आहे, ती मुद्दाम हळू थोपटत होती. ते खोकलं, पुन्हा रडलं. इझोबेल कारगिल दोन रांगा पुढे होती. ती समोर त्या पांढऱ्या केसांकडे बघत बसली होती, तोंड दगडासारखं. ती आता गप्प राहिली तर मावशी खोटी ठरत होती आणि मावशी खोटी ठरली तर तिच्या घराचा अर्धा मान बुडत होता. पण मला नाही वाटत ती मानाचा विचार करत होती. ती उठली, मागे आली, मार्जरीच्या हातातलं बाळ तिने न विचारता घेतलं आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. किती वेळ कोण जाणे. तिच्या गालावरून पाणी ओघळून टोपीच्या नाडीत जिरत होतं.

"गिब," ती म्हणाली, "तो गोणपाट काढ त्या पोरीच्या अंगावरून. थंडी वाजतेय तिला. आमच्या घरातली आहे ती."

मी पाळकसाहेबांकडे बघितलं नाही, वडीलमंडळींकडेही नाही. मी जाऊन काढला. नोकरी जाते का काय असं मनात येऊन गेलं, पण हात थांबले नाहीत. नोकरी गेली नाही.

त्याच आठवड्यात बाप्तिस्मा झाला. बाप आर्ची कारगिल, मुलीचं नाव ग्रिझेल. मावशीला मात्र सगळे म्हणाले, झालं गेलं, पुन्हा बांध तो स्नूड. पाळकसाहेब स्वतः घरी जाऊन म्हणाले. ती म्हणाली, "तीन रविवारांचा नियम आहे ना? एक झाला." पुढचे दोन रविवार ती आपलं स्टूल घेऊन पुढे बसली, एकटी, केस मोकळे. दुसऱ्या रविवारी पाळकसाहेब तिच्याकडे न बघता बोलले. तिसऱ्या रविवारी ते फार थोडं बोलले, आणि मला वाटतं ते त्यांचं सगळ्यांत चांगलं प्रवचन होतं.

मग तिने एक पत्र्याचा डबा काखोटीला मारला आणि गावात फिरली. तिने सोडलेले सगळे स्नूड त्यात होते, एकही जाळला नव्हता. कोणाचा कोणता ते तिला पाठ होतं. पोरी कसल्या, त्यांतल्या दोघी आज्या झाल्या होत्या. तिने जिचा तिला परत दिला. बहुतेक जणी रडल्या. एकीने दारच उघडलं नाही, तिचा स्नूड मावशीने कडीला बांधून ठेवला. आणि एकीने तो घेतला, अंगणातली कोंबडी पकडली आणि मावशीसमोर त्या कोंबडीच्या पायाला बांधला. "वीस वर्षांनी आठवण झाली होय गं?" ती म्हणाली. मावशी म्हणाली, "बरोबर आहे तुझं." आणि पुढच्या घरी गेली.

त्यानंतर कितीतरी वर्षं कोणी आपली पोर तिच्याकडे आणली नाही. ट्रॅपिन नेत, निटिन नेत, पण स्नूड बांधायला कोणी येईना. ती तक्रार करायची नाही. केस मागे टाकून खिडकीशी विणत बसायची. मी येता-जाता आत डोकवायचो. एकदा म्हटलं, "वाईट वाटतं का गं, मावशी?" ती म्हणाली, "पूर्वी डोकं दुखायचं माझं, रोज. आता दुखत नाही." शेवटी छोटी ग्रिझेल तेवढी झाली, तेव्हा तिची आजी तिला हात धरून घेऊन आली. इझोबेलच. मावशीचे हात तोवर थरथरायला लागले होते, गाठीला वेळ लागला. आढ्याकडे तिने बघितलं नाही. उशाखालून निळी फीत काढली. दुसऱ्या दिवसापासून इतर आया यायला लागल्या.

पुढच्या थंडीत ती गेली, झोपेत. बायका तिला पेटीत ठेवायला जमल्या आणि तिथे अडल्या. बायकोच्या डोक्यावर टोपी घालतात, कुमारिकेच्या डोक्याला स्नूड बांधतात, हिला काय? एक म्हणाली टोपी, एक म्हणाली छे. लिंडसे आता फार थकला होता, पण त्याला कळलंच. त्याने निरोप धाडला की वडीलमंडळी बसून ठरवतील, तोवर झाकण लावू नये. मी हातोडी घेऊन दारात उभा होतो. वाऱ्याने आढ्याच्या फिती हलत होत्या.

तेव्हा बीथिया बोलली. "काही बांधू नका. मला सांगून गेलीय ती."

"काय सांगून गेलीय?" इझोबेलने विचारलं.

"म्हणाली, केस मोकळेच ठेवा. वॉटने शेवटचं तसंच बघितलंय. म्हणाली, तोंड आता त्याला ओळखू येणार नाही, केसांचा रंगही गेलाय. पण सुटले की कसे पडतात, ते ओळखेल तो."

इझोबेलने पुढे होऊन ते केस डाव्या खांद्यावरून पुढे घेतले आणि सारखे केले. मी झाकण ठेवलं. लिंडसे काठी टेकत टेकत आळीतून येताना दिसत होता, म्हणून मी हात जरा भरभर चालवला. तो दारात पोचला तेव्हा शेवटचा खिळा अर्धा आत गेला होता.

"काय बांधलं डोक्याला?" त्याने धापा टाकत विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तिला ओळखणारं माणूस आहे तिकडे."

त्याने काठी भिंतीला लावली, टोपी काढली आणि पेटीची एक बाजू धरली.